रक्तातील स्निग्धद्रव्ये, आनुवंशिकता आणि पक्षाघात

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात एकाच व्याधीला निरनिराळी नावे आहेत. मराठी घरात तिला पक्षाघात, अर्धांगवायू किंवा बोलीत लकवा म्हणतात. तेलुगू घरात पक्षवातम् आणि उर्दू बोलणाऱ्या घरात फालिज. नावे वेगळी असली तरी प्रसंग तोच असतो. काल संध्याकाळपर्यंत शेतात, दुकानात किंवा शाळेत राबणारा माणूस सकाळी एका अंगाने लुळा पडतो, तोंड वाकडे होते, शब्द फुटत नाही. घरचा कर्ता माणूस असा अंथरुणाला खिळला की त्या कुटुंबाची सारी घडी विस्कटते.

अशा वेळी नातेवाइकांच्या बोलण्यात दोन कारणे हमखास येतात. कोणी म्हणतो, 'तेलकट-तुपकट खाण्याने हे झाले.' दुसरा म्हणतो, 'आमच्या घराण्यातच आहे, वडिलांचेही असेच झाले होते.' पहिले कारण रक्तातील स्निग्धद्रव्यांकडे बोट दाखवते, तर दुसरे आनुवंशिकतेकडे. दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे; मात्र दोन्ही अपुऱ्या आहेत. वैद्यकशास्त्राने या दोन प्रश्नांचा जो उलगडा केला आहे, तो आपल्या भागाच्या संदर्भात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

शेजारच्या जिल्ह्याचा धडा

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. अविभक्त आदिलाबाद जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर प्राणहिता नदी वाहते आणि तिच्या पैलतीरावर गडचिरोली जिल्हा आहे. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ८६ गावांतील सुमारे ९४ हजार लोकसंख्येतील मृत्यूंची २०११ ते २०१३ या काळात पद्धतशीर नोंद केली. त्या काळात झालेल्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९ म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या सर्व कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता. या मृत्यूंपैकी सुमारे ८७ टक्के घरीच झाले आणि जवळजवळ निम्मे आजार सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यातच झाले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. भात, जंगल आणि मोलमजुरी यांवर जगणाऱ्या ग्रामीण भागातील हे चित्र आहे. आपला कापूस, ज्वारी आणि तेंदूपत्त्याचा मुलूख त्याहून फार वेगळा असेल असे मानण्यास आधार नाही.

पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक विस्कळीत होऊन तेथील पेशी निकामी होणे म्हणजे पक्षाघात. बहुसंख्य रुग्णांत रोहिणी गुठळीने बंद होते. यास अवरोधजन्य पक्षाघात म्हणता येईल. उरलेल्यांत रोहिणी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोघांची लक्षणे सारखीच दिसतात आणि सी.टी. स्कॅन केल्यावाचून त्यांतील फरक खात्रीने सांगता येत नाही. पुढील विवेचनासाठी हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण स्निग्धद्रव्यांचा संबंध या दोन प्रकारांशी सारखा नाही.

रक्तातील स्निग्धद्रव्ये

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. रक्त हे मुख्यतः पाणी असल्याने कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड ही स्निग्धद्रव्ये त्यात आपली आपण विरघळत नाहीत. त्यांची ने-आण करण्यासाठी शरीराने प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म कण घडविले आहेत. त्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. एल.डी.एल. कण कोलेस्टेरॉल पेशींपर्यंत पोहोचवितात, तर एच.डी.एल. कण जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणण्यास साहाय्य करतात. कोलेस्टेरॉल हा मुळात शत्रू नव्हे. पेशींचे आवरण, अनेक संप्रेरके आणि पित्त यांच्यासाठी ते आवश्यकच आहे आणि त्याचा मोठा भाग यकृत स्वतःच तयार करते. म्हणूनच शुद्ध शाकाहारी, तूप न खाणाऱ्या व्यक्तीचेही कोलेस्टेरॉल वाढलेले आढळू शकते.

एल.डी.एल. कण प्रमाणाबाहेर झाले की ते रोहिणीच्या अस्तराखाली शिरून साचतात. तेथे दाह निर्माण होतो, पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि वर्षानुवर्षे त्याचा थर जाड होत जातो. हा थर एखाद्या दिवशी फुटला की त्यावर गुठळी जमते. रोहिणी तेथेच बंद पडते किंवा गुठळीचा तुकडा पुढे जाऊन मेंदूतील लहान वाहिनीत अडकतो. थर साचण्यास वीस-तीस वर्षे लागतात आणि अवरोध काही क्षणांत होतो.

एक जुने कोडे

एल.डी.एल.चा हृदयविकाराशी असलेला संबंध निर्विवाद ठरल्यानंतरही पक्षाघाताबाबत बराच काळ संभ्रम होता. अनेक मोठ्या पाहण्यांत एकूण कोलेस्टेरॉल आणि पक्षाघात यांचा ठळक संबंध दिसेना. याचे कारण असे, की त्या पाहण्यांत दोन्ही प्रकारांचे रुग्ण एकत्र मोजले जात होते. वाढलेल्या कोलेस्टेरॉलमुळे अवरोधजन्य पक्षाघाताचा, विशेषतः मोठ्या रोहिणीच्या आजाराचा, धोका वाढतो. उलट फार कमी कोलेस्टेरॉल असणाऱ्यांत रक्तस्रावाचे प्रमाण किंचित अधिक आढळते. दोन विरुद्ध दिशांचे परिणाम एकमेकांस झाकून टाकीत होते.

औषधांच्या चाचण्यांनी हे धुके दूर केले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्पार्कल' या चाचणीत, पक्षाघात किंवा तात्पुरता पक्षाघात होऊन गेलेल्या, परंतु हृदयविकार नसलेल्या ४,७३१ रुग्णांचा समावेश होता. त्यांतील निम्म्यांना ॲटोर्व्हास्टॅटिन ८० मि.ग्रॅ. दररोज देण्यात आले. सुमारे पाच वर्षांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण त्यांच्यात १६ टक्क्यांनी घटले. रक्तस्राव मात्र थोडे वाढले. तरीही एकंदर लाभच अधिक ठरला. फ्रान्स आणि दक्षिण कोरियात झालेल्या आणखी एका चाचणीचे निष्कर्ष २०२० साली छापून आले. रोहिणीत थर साचलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांत एल.डी.एल. ७० मि.ग्रॅ.च्या खाली ठेवणे, हे ते ९० ते ११०च्या दरम्यान ठेवण्यापेक्षा अधिक हितकारक असल्याचे तीत दिसून आले. या ठिकाणी मि.ग्रॅ. म्हणजे दर डेसिलिटर रक्तातील प्रमाण समजावे.

भारतीय रक्ताचे वैशिष्ट्य

पाश्चात्त्य रुग्णांत मुख्य अडचण वाढलेल्या एल.डी.एल.ची असते. आपल्याकडे एच.डी.एल. कमी, ट्रायग्लिसराइड अधिक आणि एल.डी.एल.चे कण लहान व घट्ट, असे त्रिकूट वारंवार आढळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत १ लाख १३ हजार प्रौढांचा समावेश होता. तीत सुमारे ६७ टक्के लोकांचे एच.डी.एल. कमी आढळले, तर ३२ टक्के लोकांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आणि मधुमेह ११.४ टक्के लोकांत आढळला.

सडपातळ दिसणाऱ्या माणसाने यातून स्वतःला वगळू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला स्वतःचा व आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा उंची-वजन निर्देशांक एकच, २२.३. मात्र सहकाऱ्याच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के होती आणि डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर न दिसणारी ही चरबी भारतीय शरीराची खूण आहे.

हैदराबादच्या निझाम आयुर्विज्ञान संस्थेतील पक्षाघात नोंदवहीवर आधारित २००२च्या लेखातही आपल्यासाठी महत्त्वाची बाब आढळते. तेथील अवरोधजन्य पक्षाघाताच्या रुग्णांत मोठ्या रोहिण्यांतील थर हे सर्वांत मोठे कारण होते आणि तो थर मानेतील रोहिणीपेक्षा कवटीच्या आतील रोहिण्यांत अधिक आढळला. केवळ मानेची सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून रुग्णास निश्चिंत करू नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

अहवाल कसा वाचावा

एक उदाहरण घेऊ. एकूण कोलेस्टेरॉल २१०, एच.डी.एल. ३४ आणि ट्रायग्लिसराइड २३०. एकूण आकडा थोडासाच जास्त म्हणून पुष्कळ जण अहवाल बाजूला ठेवतील. आता एकूणातून एच.डी.एल. वजा करा. उरते १७६. या संख्येत रोहिणीस अपायकारक अशा सर्व कणांतील कोलेस्टेरॉल येते. एल.डी.एल. काढण्यासाठी आणखी ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ४६, वजा करावा. उत्तर १३०. हे सूत्र ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असल्यास लागू पडत नाही. पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णात एल.डी.एल. ७०च्या खाली आणि पहिली संख्या १००च्या खाली आणणे हे आजचे सर्वसाधारण उद्दिष्ट आहे. पहिली संख्या काढण्यास कोणताही जादा खर्च लागत नाही; लहान गावच्या प्रयोगशाळेचा अहवालही त्यासाठी पुरेसा आहे. नेहमीच्या तपासणीसाठी उपाशीपोटी येण्याचीही आता गरज मानली जात नाही. मजुरी बुडवून दूरच्या खेड्यातून येणाऱ्यांना ही सोय मोठी आहे.

आनुवंशिकता : एक जनुक की अनेक?

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभ्यासातून २०१० साली असे दिसून आले, की आई किंवा वडिलांस वयाच्या पासष्टीच्या आत पक्षाघात झाला असल्यास मुलांत त्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. म्हणजे घराण्याचा इतिहास हा खरोखरीच पुरावा आहे. मात्र हा वारसा दोन निराळ्या वाटांनी येतो.

पहिली वाट एकाच जनुकातील दोषाची. कौटुंबिक कोलेस्टेरॉलवृद्धी हे तिचे ठळक उदाहरण. या विकारात यकृतावरील एल.डी.एल. ग्राहक अपुरे पडतात आणि जन्मापासूनच रक्तात एल.डी.एल. साचत राहते. या ग्राहकांच्या शोधाबद्दल मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चे नोबेल पारितोषिक मिळाले. जगात सुमारे २५० ते ३०० माणसांमागे एकास हा दोष असतो आणि त्याच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. एल.डी.एल. १९०च्या वर, घोट्यामागील शिरेवर गाठी, तरुण वयातच बुबुळाभोवती पांढरे कडे आणि घराण्यात अल्पवयात हृदयविकार ही त्याची चिन्हे होत. यातील मुख्य धोका हृदयाचा. मेंदूचा धोका त्यामानाने कमी असला तरी दुर्लक्षण्याजोगा नव्हे.

दुसरा वारसा लायपोप्रोटीन-ए या कणाचा. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ साली तो शोधला. रक्तातील त्याचे प्रमाण बहुतांशी सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकाने ठरते. आहाराने वा व्यायामाने ते फारसे बदलत नाही; स्टॅटिननेही कमी होत नाही. दक्षिण आशियाई लोकांत त्याचे प्रमाण युरोपीयांहून अधिक आढळते. म्हणून अल्पवयात पक्षाघात झालेल्या व्यक्तीत आणि तिच्या सख्ख्या भावंडांत आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करावी. ते ५० मि.ग्रॅ.च्या वर निघाल्यास निराश होण्याचे कारण नाही, मात्र एल.डी.एल., रक्तदाब आणि तंबाखू यांबाबत अशा व्यक्तीला सवलत नाही, एवढे समजावे.

दुसरी वाट अनेक जनुकांच्या किंचित-किंचित परिणामांची आणि बहुसंख्य रुग्ण याच वाटेवरचे असतात. २००३ साली आइसलँडमधील संशोधकांनी पाचव्या गुणसूत्रावरील पी.डी.ई.-४-डी. या जनुकाचा पक्षाघाताशी संबंध जाहीर केला, तेव्हा 'पक्षाघाताचे जनुक सापडले' असा गाजावाजा झाला. उस्मानिया विद्यापीठाची जनुकशास्त्र संस्था आणि निझाम संस्था यांनी आंध्र प्रदेशातील रुग्णांत या जनुकाचा अभ्यास करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. पुढे निरनिराळ्या देशांत निष्कर्ष जुळेनात आणि एकाच जनुकावर सारा भार टाकता येणार नाही, हे स्पष्ट झाले. २०२२ साली १ लाख १० हजारांहून अधिक रुग्णांच्या जागतिक अभ्यासात पक्षाघाताशी निगडित ८९ जनुकस्थाने नोंदली गेली. त्यांतील कित्येक रक्तदाब, हृदयाची लय किंवा स्निग्धद्रव्ये यांच्याच द्वारे काम करतात. म्हणजे जनुकांचा धोकाही पुष्कळ अंशी त्याच दारांतून येतो, जी दारे आपल्याला औषधाने व पथ्याने लावता येतात. यास्तव सरसकट सर्वांची महागडी जनुकीय तपासणी करण्याचे आज प्रयोजन नाही.

आपल्या भागातील विशेष बाब : सिकलसेल

मूल किंवा तरुण व्यक्ती पक्षाघाताने आली, तर आपल्या जिल्ह्यात आणखी एका जनुकाचा विचार प्रथम करावा लागतो. गोंड, कोलाम, परधान, आंध अशा आदिवासी समाजांबरोबर विदर्भ-तेलंगण सीमेवरील अन्य समाजांतही सिकलसेलचा दोष आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहावे ॲमिनो आम्ल बदलते आणि प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकतात. मेंदूच्या रोहिण्याही हळूहळू अरुंद होतात. अमेरिकेतील जुन्या पाहणीनुसार, उपचार नसताना अशा सुमारे ११ टक्के रुग्णांना विसाव्या वर्षाच्या आत पक्षाघात होत असे. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकून राहत असल्याने आजार तुलनेने सौम्य असतो. पण सर्वांचाच सौम्य असतो असे नाही.

येथे स्निग्धद्रव्यांचा अहवाल दिशाभूल करू शकतो, कारण सिकलसेलच्या रुग्णाचे कोलेस्टेरॉल बहुधा कमीच असते. त्याऐवजी कवटीतून केलेली डॉप्लर तपासणी उपयोगी पडते. रोहिणीतील रक्तवेग सेकंदाला २०० सें.मी. किंवा अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिल्या पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी कमी होतो, हे १९९८च्या एका चाचणीने सिद्ध केले. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचाही चांगला उपयोग होतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यातील तपासणीचा लाभ प्रत्येक पाड्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. केवळ वाहक असलेली व्यक्ती रुग्ण नव्हे, हे वधूवरांच्या पालकांना आवर्जून सांगावे. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत मराठी आणि तेलुगू दोन्ही समाजांत जुनी आहे. जवळच्या रक्ताच्या नात्यात एकच सुप्त दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो, मग तो सिकलसेलचा असो वा कोलेस्टेरॉलवृद्धीचा. कोणाच्या चालीरीतींचा उपहास न करता लग्नापूर्वीच्या साध्या रक्ततपासणीचा सल्ला देणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहे.

कर्तव्य काय?

सर्वप्रथम, रक्तदाब. भारतासह २२ देशांत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासानुसार दहा सुधारण्याजोग्या कारणांत पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका सामावलेला आहे आणि त्यांत उच्च रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा आहे. कोलेस्टेरॉलची चिंता करणारा, पण रक्तदाबाची गोळी 'बरे वाटते' म्हणून सोडणारा रुग्ण मुख्य दार उघडेच ठेवतो. त्याच्या जोडीला विडी, खर्रा आणि गुटखा यांचा त्याग, मिठाचे प्रमाण कमी करणे, मधुमेहावर नियंत्रण आणि रोजचे चालणे. पुन्हा-पुन्हा तापवलेले तेल आणि वनस्पती तूप टाळावे. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाजी आणि जवसाची चटणी हा आपला जुना आहार आजही उत्तम आहे.

दुसरे, पक्षाघाताचा प्रत्येक रुग्ण हा त्याच्या कुटुंबासाठी इशारा आहे. रुग्णास घरी पाठविताना त्याच्या भावंडांचा व प्रौढ मुलांचा रक्तदाब, साखर आणि स्निग्धद्रव्ये तपासण्याचा सल्ला लेखी द्यावा. स्टॅटिन हे दीर्घकाळ घ्यावयाचे औषध आहे. 'कोलेस्टेरॉल आता नॉर्मल आले' म्हणून ते बंद करू नये. ते औषधामुळेच नॉर्मल आलेले असते.

तिसरे, वेळ. तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय गळणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे वा दिसेनासे होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर तत्काळ १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. नागपूर येथून सुमारे २०० आणि हैदराबाद ३०० किलोमीटर. तेथे पोहोचेपर्यंत हा अवधी बहुतांशी रस्त्यातच सरतो. म्हणून सी.टी. स्कॅन आणि हे औषध जवळ कोठे मिळते, याची चौकशी प्रत्येक डॉक्टरने आणि प्रत्येक कुटुंबाने आधीच करून ठेवावी. झाडपाला, कबुतराचे रक्त चोळणे किंवा देवऋषी यांत गेलेला वेळ कोणत्याही औषधाने परत मिळत नाही.

आपण कोणत्या घराण्यात जन्म घ्यावा हे आपल्या हाती नाही. मात्र त्या घराण्यात काय चालत आले आहे हे वेळीच जाणून घेणे आपल्या हाती निश्चितच आहे. वडिलांना पन्नाशीत पक्षाघात झाला, हे पंचविशीतल्या मुलाला ठाऊक असेल, तर त्याच्यापाशी रोहिणीत थर साचू न देण्यासाठी पुढची पंचवीस वर्षे आहेत. ती वर्षे वाया जाऊ न देणे हे डॉक्टर, रुग्ण आणि कुटुंब या तिघांचे काम आहे.